वर गेलेली झेंडी

ही गोष्ट लिहायची मी फार वर्षं टाळली. शाळेतल्या दिवसांबद्दल लिहिलं, मायबद्दल लिहिलं, नाल्याला आलेल्या पुराबद्दल लिहिलं, पण फुटबॉलच्या मैदानापाशी आलो की दर वेळी वाट बदलून पुढे गेलो. मुलं म्हणत, बाबा, तुम्ही तरुणपणी फुटबॉल खेळायचे ना, त्यावर लिहा की. मी म्हणायचो, त्यात काय लिहायचं, कोणी पाहायलासुद्धा यायचं नाही. उत्तर खरं होतं, आणि बाकी सगळं झाकायला पुरेसं होतं. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला की रौफ गेला. ज्याच्याशी बोलायचं होतं तोच आता नाही. निदान जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव मारेगावच्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नाल्याच्या पलीकडे उंचवट्यावर शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, मैदान होतं. संक्रांत झाली की तिथे पट भरायचा. आधी दोन दिवस बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, रहाटपाळणा यायचा, कढईत आलुबोंडे पडायचे, आणि भोंगा सकाळपासून जोड्यांची नावं पुकारायचा. त्या पटात माझ्या वडिलांना, आबांना, एक जागा होती. ते शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर लाल झेंडी घेऊन उभे राहायचे. बैल रेषेवरून गेले की आबा झेंडी खाली पाडत आणि ती पडलेली पाहून घडीवाला हातातलं घड्याळ थांबवी. जोडी जिंकली की हरली ते त्या एका हातावर ठरायचं. लांबलांबचे लोक बैल घेऊन यायचे, चिडायचे, भांडायचे, पण आबांच्या झेंडीवर कधी कोणी बोट ठेवलं नाही. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. झेंडीवाले, एवढंच.

घरात ती झेंडी देव्हाऱ्याच्या शेजारी खुंटीला असायची. पटाच्या आदल्या दिवशी माय ती धुऊन वाळत घालायची आणि आम्हा पोरांना तिच्याजवळ जाऊ द्यायची नाही. थंडीचे ते दिवस आठवले की पहिल्यांदा वास येतो तो चुलीवर शिजणाऱ्या सोल्यांचा. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून आमची नखं काळी व्हायची. माय ते दाणे पाट्यावर रगडून, भरपूर लसूण घालून पातळ भाजी करायची, आणि आबा ताटात भाकर कुस्करून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता जेवायचे. ते एरवीही कमी बोलत. बोलले तर लोक थांबून ऐकत.

फुटबॉल गावात आला तो करीमचाचांमुळे. ते इंजिनाचे मिस्त्री. तरुणपणी कामठीत काम शिकायला राहिले होते, आणि तिथून पाने, हातोड्या आणि एक चामड्याचा चेंडू घेऊन परत आले. त्यांचं दुकान म्हणजे टिनाची शेड आणि पुढे अंगण. अंगणात दुरुस्तीला आलेलं एखादं इंजिन दिवसभर फट्‌फट् करत असायचं. संध्याकाळी ते बंद झालं की दुसरा आवाज सुरू व्हायचा. चाचांचा मुलगा रौफ शेडच्या टिनाला पाठ लावून उभा राहायचा आणि आम्ही चेंडू मारायचो. त्याच्या हातात बापाचे जुने चामडी हातमोजे असत. चेंडू सुटला की टिन धडाडायचं, अडवला की काहीच वाजायचं नाही. रौफ सतरा वर्षांचा झाला तोवर त्या टिनाचा आवाज जवळजवळ बंद पडला होता. त्याची अम्मी आतून मला ओरडून विचारायची, "आज आवाज नहीं आया, खेलने नहीं आए क्या रे मधू?" आणि आम्ही हसायचो. मग ती गुळाचा चहा द्यायची, सोबत खारी. रौफ आधी माझा कप भरायचा, मग स्वतःचा. असा मित्र मला परत मिळाला नाही.

करीमचाचा दर हिवाळ्यात नाल्याच्या अलीकडच्या मैदानावर स्पर्धा भरवायचे. चार टीम, कधी पाच. पाहायला मात्र कोणी नाही. कबड्डी असली की लोक भिंतींवर चढून बसत, पटाला तर पंचक्रोशी लोटायची, पण फुटबॉलला आठ-दहा माणसं, त्यातली दोन त्यांच्या बकऱ्या मैदानात चरत म्हणून आलेली. याला आणखी एक कारण होतं. पंच एकच, शाळेचे ड्रिलमास्तर. त्यांना दमा, ते मधल्या वर्तुळाच्या बाहेर फारसे जात नसत. गोलला जाळी नव्हती. म्हणून दोन्ही गोलरेषांच्या कोपऱ्यात एकेक झेंडीवाला उभा करत, आणि हे झेंडीवाले पाहायला आलेल्यांतूनच घेत. चेंडू पूर्ण आत गेला तर झेंडी वर, नाहीतर खाली. पाहायला येईल त्याच्या हाती झेंडी, हा आमच्या मैदानाचा कायदा होता. त्यामुळे लोक मैदानाच्या बाजूनं जाताना पाय उचलून जात. "नको बापा, पाहायले थांबलो का तासभर उन्हात उभं करतीन," असं म्हणायचे. आम्ही खेळाडू चिडायचो. चाचा मात्र चुना टाकत टाकत म्हणायचे, "आदमी नहीं आया तो क्या हुआ बेटा, खेल तो आया ना."

त्या वर्षी फायनल नेमकी पटाच्या दिवशी आली. यवतमाळच्या टीमला दुसरा दिवस जमत नव्हता. शिवाय चाचांनी नागपूरहून एका मोठ्या मिलच्या टीमचा माणूस बोलावला होता, त्यालाही तोच दिवस सोयीचा होता. मिलला गोलकीपर हवा होता. पसंत पडला तर टीममध्ये जागा आणि मिलमध्ये नोकरी. रौफनं ही गोष्ट फक्त मला सांगितली होती. आदल्या संध्याकाळी टिनाला टेकून तो म्हणाला, "मधू, मी गेलो ना नागपूरले, तं अब्बाले मंग हे इंजिन उचलू नाही देणार." चाचांची कंबर तेव्हाच वाकली होती.

माझा घोटा आधीच्या मॅचमध्ये सुजला होता, म्हणून मी खेळणार नव्हतो. ड्रिलमास्तरांनी झेंडीवाले शोधायला मान फिरवली. मैदानावर नऊ माणसं होती, त्यातला एक मिलचा पाहुणा, शाळेच्या खुर्चीवर, गळ्याला मफलर गुंडाळून. मास्तर म्हणाले, "मधू, तू धर." यवतमाळचा कॅप्टन म्हणाला, "हा तं तुमच्याच टीमचा आहे सर." तेव्हा एक म्हातारा बकरीवाला बसल्या जागेवरून बोलला, "अबे, झेंडीवाल्याचं पोट्टं हाय थे. बापावरही गोल देईन." सगळे हसले. कॅप्टनही हसला. मी झेंडी घेतली. पऱ्हाटीच्या काडीला बांधलेलं लाल फडकं, चाचांच्या दुकानातलंच, त्याला ऑइलचा वास होता.

मॅच चांगली झाली, एवढं मी आजही सांगू शकतो. यवतमाळवाले आमच्याहून सरस होते आणि पूर्ण वेळ आमच्याच गोलवर होते. रौफ त्या दिवशी कसा खेळला ते पाहायला गाव यायला हवं होतं. सगळं गाव मात्र पटाला, नाल्यापलीकडे गेलं होतं. तिथून एकेका जोडीला आरडाओरडा उठायचा, भोंग्यावरचा माणूस किंचाळायचा, आणि इकडे रौफ उडी मारून चेंडू छातीशी धरायचा तेव्हा नऊ माणसांच्या टाळ्या पानं सळसळावीत तशा वाजायच्या. मिलचा माणूस दोनदा खुर्चीवरून उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा त्यानं चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. मी ते पाहिलं. रौफनंही पाहिलं असावं.

शेवटची चार-पाच मिनिटं उरली असतील. अजून कोणाचाच गोल नव्हता. भोंग्यावर पुकारा झाला की आता पटाची शेवटची जोडी सुटते आहे, आणि झेंडीवर आमचे झेंडीवाले. भोंग्यावर आबांचा पुकारा झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी गोलरेषेच्या कोपऱ्यात, माझ्या पाठीमागे नाला आणि त्यापलीकडे पट. मी वळलो. एक क्षणभरच पाहू, म्हणून वळलो. धुळीत आबांचा पांढरा सदरा दिसला, ताठ उभा, हात वर. धुळीचा एक लोट त्यांच्याकडे धावत आला. लोट रेषेवरून गेला, आबांची झेंडी पडली आणि सगळा उंचवटा ओरडला. मीही ओरडलो. आणि आनंदानं माझा उजवा हात, झेंडीसकट, वर गेला.

त्याच वेळी मागे शिट्टी वाजली.

वळून पाहिलं तर रौफ रेषेवर आडवा पडलेला, चेंडू त्याच्या पोटाशी. यवतमाळची पोरं नाचत होती. ड्रिलमास्तर वर्तुळातून माझ्याकडे बोट दाखवत होते. माझी झेंडी वर होती, म्हणून त्यांनी गोल दिला होता. चेंडू आत गेला होता की नव्हता, मला माहीत नव्हतं. आजही मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच की मी पाहत नव्हतो.

झेंडी खाली घेऊन "सर, चूक झाली" म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मला मिळाला होता, त्याहून जास्त मिळाला होता. कारण रौफ उठून मास्तरांकडे धावला, चेंडू काही सोडेना. "आत नाही गेला सर! हातात होता माझ्या! रेषेच्या बाहेर होता!" मास्तर म्हणाले, चेंडू दे. तो देईना. त्यानं मास्तरांची वाट अडवली, त्यांचा हात झटकला. मफलरवाला पाहुणा हे सगळं पाहत होता. चाचा वाकलेल्या कमरेनं मैदानात आले आणि म्हणाले, "लाइनवाले ने दिखाया, बात खतम. माफी मांग सर से."

"अब्बा, नहीं गया अंदर."

"तो ये लडका झूठ बोल रहा है? अपनी ही टीम पर?"

तेव्हा रौफ माझ्याकडे वळला. मातीनं माखलेला चेहरा, धाप लागलेली. पण आवाज एकदम खाली आला. शेडपाशी चहा पिताना बोलायचा, तसा. "मधू, तू सांग. तुले दिसला का?"

मी म्हणालो, "आत गेलता."

का म्हणालो? पन्नास वर्षं उत्तर शोधतो आहे. झेंडीवाल्याचा पोरगा झेंडी हातात असताना दुसरीकडे पाहत होता, हे संध्याकाळी पटावर पोचलं असतं. आबांच्या कानावर गेलं असतं. मला वाटलं, एक गोलच तर आहे. सतरा वर्षांच्या डोक्यात तेवढंच मावलं.

रौफ माझ्याकडे पाहत राहिला. आणि चाचांनी त्याच्या तोंडात मारली. मोठा आवाज झाला नाही, पलीकडचा पट अजून ओरडतच होता. रौफनं चेंडू खाली ठेवला, हातमोजे काढून गोलच्या खांबाला अडकवले आणि चालत निघून गेला. मिलचा माणूस जाताना चाचांना म्हणाला, "हात चांगले आहेत पोराचे. पण पंचाशी असा वागणारा आमच्याकडे टिकत नाही." मागून गावातले काही जण म्हणाले, बरं झालं पाहायला कोणी नव्हतं, नाहीतर केवढी बदनामी. मला तेव्हापासून उलटंच वाटत आलं आहे. पन्नास माणसं जरी त्या रेषेपाशी असती, तर एकानं तरी म्हटलं असतं की हा पोरगा पाठ करून उभा होता.

त्या संध्याकाळी जेवताना आबा बोलले. माय भाकरी थापत होती. आबांनी विचारलं, "तू पाह्यलं होतं ना नीट?"

"हो."

"स्वतःच्या टीमवर दिला म्हणतात गोल."

"हो."

त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं आणखी एक भाकर ठेवली. मायनं वळून पाहिलं. असं ते कधी करत नसत. सकाळी ते उठून करीमचाचांच्या दुकानात गेले आणि सांगून आले, "करीमभाई, माझं पोरगं खोटं बोलत नाही." त्यानंतर या विषयावर बोलायला काही उरलं नाही. गावानं मला प्रामाणिक ठरवलं. चहाच्या टपरीवर लोक ओळख करून देत, हाच तो, मित्रावर गोल देणारा. पुढल्या वर्षी पटात आबांनी मला शेजारी उभं करून झेंडी माझ्या हातात दिली. एक जोडी सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या जोडीला हात उचलेना. घोटा दुखतो म्हणून मी खाली बसलो, आणि त्याच उन्हाळ्यात मास्तरकीच्या शिक्षणाला अमरावतीला निघून गेलो.

चाचांनी ती स्पर्धा परत भरवली नाही. जगले तोवर मुलाला कोणासमोर काही म्हणाले नाहीत, पण दुकानात कोणी फुटबॉलचं काढलं की ते इंजिन सुरू करायचे. रौफ ती इंजिनं उचलत राहिला. आबाही गेले, शेवटपर्यंत मला खरा समजत. मी बाभुळगावला नोकरी केली, मुलांना शिकवलं, खोटं बोलल्याबद्दल त्यांना बाकावर उभं केलं. गावाला गेलो की रौफ भेटायचा, चहा पाजायचा, आधी माझा कप भरायचा. त्या दिवसाचा विषय त्यानं काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो. पण शरीर विसरत नाही. आता नातू टीव्हीवर क्रिकेट पाहतो, सिक्सर गेला की घरात ओरडतो, आणि त्या ओरडण्याबरोबर माझा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून आपोआप उचलला जातो. सूनबाई म्हणते, बाबांनाही मजा येते बघा. मी हात मांडीखाली दाबून धरतो.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला गावी गेलो होतो. जेवणाला अवकाश होता म्हणून पाय मोकळे करत नाल्याकडे निघालो. फुटबॉलच्या मैदानाच्या अर्ध्या भागात आता बाजाराचे ओटे आहेत. शेजारच्या प्लॉटवर हिरवी जाळी लावून बॉक्स क्रिकेट चालतं, तिथे भोंगा, तिथेच गर्दी, मोटारसायकली उभ्या. उरलेल्या तुकड्यावर फुटबॉल चालू होता. चाचांच्या नावानं रौफनं स्पर्धा पुन्हा सुरू केली होती, हे मी ऐकून होतो आणि त्या दिवसांत गावाला जायचं टाळत होतो. पाहायला चार माणसं. गोलच्या मागे रौफ, पांढरी दाढी, एक गुडघा न वाकणारा, हातात काठी.

"कोण, मास्तर? बरे सापडले. धरा."

त्याच्या दुसऱ्या हातात झेंडी होती.

"मले?"

"मंग कोणाले? पाहायले आला त्याच्या हाती झेंडी. कायदा इसरले का शहरात जाऊन?"

"माह्या डोळ्याले आता दिसत नाही रे रौफ."

"दिसते तेवढं सांग." मग हसून, काठीनं जाळीकडे दाखवत म्हणाला, "फक्त तिकडं नको पाहू. पोट्टे सिक्सर मारून राह्यले तिकडं."

मी तिथेच उभा राहिलो. रेषेवर उभ्या गोलकीपरला कोपऱ्यातला झेंडीवाला दिसतो. समोरासमोर दिसतो. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. त्यानं माझी पाठ पाहिली होती. त्या दिवशी "हा पाहतच नव्हता" म्हणायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. तो ते म्हणाला नाही. बापासमोर, मिलच्या माणसासमोर, त्यानं मला विचारलं. मीच सांगावं म्हणून विचारलं.

अर्धा तास मी झेंडी घेऊन उभा होतो. जाळीतून ओरडा उठायचा, माझा उजवा हात वर जायला बघायचा, आणि मी दुसऱ्या हातानं तो धरून चुन्याच्या रेषेकडे पाहत राहायचो. एकदा चेंडू रेषेवर आला, गोलकीपर त्याच्यावर पडला. सगळे थांबले. मागून रौफनं विचारलं, "गेला का, मधू?" फार वर्षांनी त्यानं मला मास्तर म्हटलं नाही.

"नाही गेला."

"बस मंग."

मॅच संपल्यावर त्यानं थर्मासमधला चहा काढला. आधी माझा कप. आम्ही ओट्यावर बसलो. मी म्हणालो, "रौफ, त्या दिवशी..." तो कपात पाहत होता, फुंकत नव्हता, पीत नव्हता. थांबला होता. तेवढ्यात पुतण्या मोटारसायकल घेऊन आला, "काका, पंगत बसली, सगळे तुमची वाट पाहून राह्यले." मला उठायची गरज नव्हती. पुतण्याला पाच मिनिटं थांबवता आलं असतं. मी उठलो. रौफनं माझ्या हातातली झेंडी घेतली, काडीला नीट गुंडाळली आणि म्हणाला, "येत जा." मी मागे बसलो, गाडी नाल्याच्या पुलावर चढली, आणि तोंडात तयार असलेलं वाक्य तसंच राहिलं: रौफ, मले चेंडू दिसला नव्हता, मी आबाकडे पाहून राह्यलो होतो, झेंडी बैलांसाठी वर गेलती, चाचांची थापड माझी होती, मले माफ कर.